भांडी वाजली, म्हणजे भूकंपच का?

(वाचकांचे प्रश्न, निवृत्त विज्ञान शिक्षकाची उत्तरं)

प्रश्न : सर, आम्ही निपाणीत हायवेजवळ तिसऱ्या मजल्यावर राहतो. परवा मध्यरात्रीनंतर मांडणीवरची भांडी वाजली, पलंग हलल्यासारखा झाला. हे म्हणतात, उसाचा ट्रक गेला असेल. सासूबाई म्हणतात, भूकंपच. कोयनेच्या वेळी असंच झालं होतं. खरं कुणाचं?
– एक गृहिणी, निपाणी

उत्तर : ताई, भांडी कशानंही वाजतात. त्यांची साक्ष मी धरत नाही. आमच्या शहापुरात घरामागेच यंत्रमाग आहेत. ते सुरू झाले की कपाटाच्या काचा दिवसभर चरचरतात; पण छताला टांगलेला दिवा जागचा हलत नाही. खरी गोम इथं आहे. माग, गिरणी, ट्रक यांची थरथर बारीक आणि भराभर असते, आणि जमिनीतून थोडं अंतर जाताच विरते. लांबच्या भूकंपाच्याही बारीक लाटा वाटेत जिरतात, संथ लाटा तेवढ्या आपल्यापर्यंत पोचतात. मीटरभर वायरीच्या दिव्याला जाऊन-येऊन एका झोक्याला दोन सेकंद लागतात, म्हणून असा दिवा संथ लाटांनाच दाद देतो. बादलीतलं पाणीही तसंच. काठाकडून काठाकडे हेलकावत असेल तर कान टवकारा. नुसते बारीक तरंग उठले असतील तर पुन्हा झोपा. पंखा मात्र बंद हवा, नाहीतर दिवा वाऱ्यानं हलायचा आणि गल्ली जागी व्हायची.

ट्रकचं आणखी एक, तो आवाज घेऊन येतो. आवाज वाढतो तशी थरथर वाढते, आवाज लांब गेला की तीही जाते. भूकंपाला अशी ये-जा नसते. आधी खालून हलकासा टोला बसतो, मग थोड्या वेळानं आडवं, जास्त जोराचं हलणं सुरू होतं. पहिली लाट सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास धावते, दुसरी साडेतीनच्या. दोन्हींमधले सेकंद मोजा, आठानं गुणा. केंद्र किती किलोमीटरवर ते ढोबळमानानं कळतं. कोयनानगर निपाणीपासून सरळ रेषेत सव्वाशे-दीडशे किलोमीटर, म्हणजे मधे पंधराएक सेकंद जायला हवेत. उसाचा ट्रक एवढा धीर धरत नाही.

सासूबाईंना मात्र हसू नका. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे चार वाजून गेल्यावर कोयनेला सहाच्या वरचा धक्का बसला, तो दूरदूरच्या गावांना जाणवला. ते हलणं ज्यानं अनुभवलं त्याला फरक कळतो. पण कोयनेचा चारेक रिश्टरचा किरकोळ धक्का निपाणीत तळमजल्यावर बहुधा कुणाला कळणारही नाही. तिसऱ्या मजल्यावर जागं असणाऱ्याला कळला तर कळेल. तेव्हा त्या रात्री दिवा हलला होता का, आणि थरथर किती वेळ टिकली, एवढं आठवून बघा. दिवा स्थिर होता आणि सगळं चार-पाच सेकंदांत आटोपलं असेल, तर माझं मत तुमच्या मिस्टरांच्या बाजूनं.

प्रश्न : आमच्या गावाजवळ दगडाची खाण आहे. दुपारी घर हादरतं, भिंतीला तडे गेलेत. खाणवाले म्हणतात, भूकंपाचे धक्के आहेत. कसं ओळखायचं?
– एक शेतकरी, खानापूर तालुका

उत्तर : भूकंप जेवणाच्या सुट्टीनंतर, रोज त्याच वेळेला येत नाही. एक वही घाला : तारीख, वेळ, आधी भोंगा झाला का, हादऱ्यानंतर धडाम ऐकू आलं का. सुरुंगाचा धक्का जमिनीतून आधी पोचतो आणि आवाज हवेतून मागून येतो, सेकंदाला साधारण 340 मीटरनं. खाण दोन किलोमीटरवर असेल तर सहाएक सेकंदांनी. उथळ भूकंपातही गुडगुड होते, पण ती हादऱ्यासोबतच येते.

तड्यांचं जपून बोला. पाया काळ्या मातीत असेल तर ती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, आणि सुरुंगाशिवायही भिंत फाटते. तड्यावर तारीख घालून आडवी रेघ मारा. तो रुंदावतोय का ते दिसेल. खाण सुरक्षा महासंचालनालयानं खाणमालकाच्या नसलेल्या घरांसाठी कंपनाच्या वेगाच्या मर्यादा घालून दिल्यात, वारंवारितेनुसार (एका सेकंदात जमीन किती वेळा हलते त्यावरून) सेकंदाला 5, 10 आणि 15 मिलिमीटर. तहसीलदारांकडे आणि खाण व भूविज्ञान खात्याकडे अर्ज द्या, त्यात तुमच्या अंगणात यंत्र लावून मोजणी करा असं लिहा. वहीची प्रत जोडा.

प्रश्न : भूकंप झालाच, तर खात्री कुठं करायची? व्हॉट्सअॅपवर तर लगेच ‘रात्री मोठा येणार’ असं फिरतं.
– एक विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : रात्री येणार असं सांगणारा खोटं बोलतोय. भूकंपाची वेळ आधी सांगता येत नाही. आधी घड्याळ बघा. मग शेजारच्याला विचारू नका, त्याच्या दारातूनही तोच ट्रक गेलेला असतो. चिकोडीच्या मामाला नाहीतर कोल्हापूरच्या आत्याला फोन लावा. त्याच मिनिटाला तिथंही हललं असेल तर भूकंप समजा. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावर आणि त्यांच्या ‘भूकंप’ (BhooKamp) अॅपवर वेळ, तीव्रता, खोली आणि केंद्र येतं. 2022 च्या पावसाळ्यात विजयपूरकडे छोटे धक्के बसले, तेही याच यंत्रणेनं टिपले. एक लक्षात ठेव, अगदी बारीक धक्का लांबच्या यंत्रांना न सापडण्याची शक्यता असते, म्हणून यादीत नाव नाही एवढ्यावरून काहीच झालं नाही असं म्हणता येत नाही.