थर्मल दुर्बिणीतील धूसर चित्रण

प्रश्न : शिकारीच्या थर्मल (उष्णतेवरून चित्र दाखवणाऱ्या) दुर्बिणीतून मला रानडुक्कर स्पष्ट दिसते, परंतु नेत्रिकेला (डोळा लावायच्या भिंगाला) मोबाइल लावून केलेले चित्रण धूसर येते. दोष कशाचा?

उत्तर : दोष बहुधा पद्धतीचा आहे. नेत्रिकेतून आपण दुर्बिणीच्या आतील छोटा पडदा पाहत असतो आणि त्याचे मोबाइलने पुन्हा चित्रण करणे म्हणजे छायाप्रतीची छायाप्रत काढणे होय. म्हणून दुर्बिणीतच रेकॉर्डिंगची सोय असल्यास तीच वापरावी. डिजिटल झूमचा मोह मात्र आवरावा, कारण ६४० × ४८० बिंदूंच्या सेन्सरवर दुप्पट झूम केला की खरी माहिती ३२० × २४० बिंदूंचीच उरते आणि डुकराचे कान, सुळे सारे एका पांढऱ्या गोळ्यात विरघळून जाते. मधूनच ‘टक्’ असा आवाज होऊन चित्र क्षणभर गोठते, तो बिघाड नव्हे. आतील झडप सेन्सरसमोर येऊन त्याचे अंशांकन करते, म्हणजे त्याचे मोजमाप पुन्हा अचूक जुळवते. दुर्बिणीत तशी कळ असल्यास हे काम चित्रणापूर्वीच उरकून घ्यावे. तिपाई हवीच. धुके किंवा दमट हवा असल्यास तपशील फिका पडणारच, त्यावर सेटिंग बदलून फारसा उपाय होत नाही.

नाइट व्हिजनची (उष्णतेऐवजी प्रकाशावर चालणाऱ्या रात्रीच्या दुर्बिणीची) गोष्ट वेगळी आहे : तेथे इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या) दिव्याचा झोत जवळच्या गवतावर पडला, तर गवत लख्ख उजळते आणि मागचा प्राणी काळोखात बुडतो, त्यामुळे झोत अरुंद व मंद ठेवावा.