नऊ दिवसांची सुट्टी आणि ७८,९७६ रुपयांचे गेम

वाकडहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३६, हिंजवडीत आयटीत नोकरी, पगार हातात ९२,०००, घराचा हप्ता ३४,०००, मुलगी सात वर्षांची. कंपनी २४ डिसेंबर ते १ जानेवारी बंद. ते लिहितात, "कॉलेज सुटल्यापासून मनसोक्त गेम खेळलोच नाही. या सुट्टीत गाड्यांची रेस, फुटबॉल, एखादा कथेचा गेम, मुलीबरोबर काहीतरी, असं सगळं थोडं थोडं खेळायचंय." दुकानदाराने दिलेला भाव असा: डिस्कवालं प्लेस्टेशन ५ (टीव्हीला जोडायचा गेमचा कन्सोल) ५४,९९० ला, दुसरा कंट्रोलर ५,९९० ला, चार गेमच्या डिस्क मिळून १७,९९६. एकूण ७८,९७६. क्रेडिट कार्डावर बारा महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय, महिना ६,५८१. तो भरायला मुलीच्या शिक्षणासाठी चालू असलेली म्युच्युअल फंडातली महिना ७,००० ची एसआयपी वर्षभर थांबवायचा बेत आहे. दिवाळीच्या बोनसचे ६५,००० बचत खात्यात आहेत, पण त्यांना हात लावायचा नाही. पत्नीच्या मते हा सगळा वेडेपणा आहे. आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता: "कार्डावर जुने ४०,००० आहेत, बायकोला माहीत नाहीत, पण मिनिमम ड्यू वेळेवर भरतो."

साहेब, मी या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो.

तुमच्या कार्डाचा व्याजदर तुम्हीच लिहिलाय, महिना साडेतीन टक्के. ४०,००० वर महिन्याचे १,४०० झाले. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी २५२. एकूण १,६५२. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली भरावीच लागणारी किमान रक्कम, तुम्ही भरता २,००० च्या आसपास. म्हणजे मुद्दल हलतं साडेतीनशे रुपयांनी. या चालीने वर्षाला जवळजवळ १९,००० व्याज आणि करात जातात. प्लेस्टेशनचा नवाकोरा मोठा गेम साधारण पाच हजारांना येतो. तेव्हा दर वर्षी जवळजवळ चार नव्या गेमचे पैसे तुम्ही आत्ताच मोजताय, फक्त डिस्क घरी येत नाहीत.

आणि दुसरीकडे ६५,००० बचत खात्यात तीन टक्क्यांच्या आतबाहेर व्याजावर पडून. हात लावायचा नाही ही भावना समजते. पैसा दिसत राहिला की बरं वाटतं. पण बेचाळीस टक्क्यांचं कर्ज अंगावर ठेवून तीन टक्क्यांची शिल्लक सांभाळायची, म्हणजे खालून गळणाऱ्या टाकीत वरून तांब्याने पाणी ओतायचं. आज संध्याकाळी ४०,००० भरून टाका. नुसतं स्टेटमेंट बघून भरू नका. स्टेटमेंटनंतरचं व्याज पुढच्या महिन्यात चिकटतं, म्हणून ॲपमध्ये आजची पूर्ण थकबाकी बघून भरा. तीन महिन्यांच्या खर्चाची एफडी वेगळी आहे असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे अडीअडचणीची काळजी नाही.

आता नो-कॉस्ट ईएमआय. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच शून्य टक्के व्याजाच्या योजनांवर बोट ठेवलं होतं. त्यामुळे बँक व्याज लावतेच, फक्त तेवढी सूट किमतीत आधी दाखवली जाते. व्याजावरचा जीएसटी मात्र तुमच्या खिशातून जातो. १५ टक्के दर धरला तर तुमच्या ७८,९७६ मध्ये व्याज साधारण ६,०६० बसतं, त्यावर जीएसटी १,०९०. प्रोसेसिंग फी १९९ धरली तर करासह २३५. 'नो-कॉस्ट'ची कॉस्ट सव्वातेराशे. रोखीने घेणाऱ्याला दुकानदार जे काही कमी करून देतो, त्यावरही पाणी. सव्वातेराशेने कोणी बुडत नाही, मान्य. पण हप्ता मिनिमम ड्यूमध्ये धरला जातो, आणि एखाद्या महिन्यात बिल पूर्ण भरलं नाही की उरलेल्या रकमेवर तेच साडेतीन टक्के सुरू. ज्याला मिनिमम भरायची सवय लागलीय, त्याच्या हातात हे हत्यार मी देणार नाही.

एसआयपीबद्दल सल्लागार लोक नेहमी एक कोष्टक काढतात: ८४,००० थांबवले, बारा वर्षांनी त्याचे इतके लाख झाले असते. मी ते काढत नाही. त्या हिशोबाने रविवारची मिसळही लाखाला पडते. माझी हरकत साधी आहे. वर्षभर थांबवलेली एसआयपी तेराव्या महिन्यात परत सुरू करणारी माणसं मी फार कमी पाहिलीत. तोवर ते ७,००० घरखर्चात मुरलेले असतात. ती राहू दे.

मग सुट्टीत खेळायचं काय?

नऊ दिवसांतले दोन साताऱ्याला सासुरवाडीला, एक सिंहगड रोडला लग्नात, हे तुम्हीच लिहिलंय. उरले सहा. घरात लहान मूल असताना दिवसाला चार तास म्हणजे डोक्यावरून पाणी. एकूण चोवीस तास. तुमच्या यादीतल्या 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक'ची नुसती मुख्य कथाच पंचवीसेक तास खाते. बाकीच्या तीन डिस्क सेलोफेनमध्ये २ जानेवारी बघतील.

हे मी स्वानुभवाने सांगतोय. नव्वदच्या दशकात मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पोरं व्हिडिओ गेमचा सेट भाड्याने आणायचो. एकदा मी हट्ट करून '९९९९ इन १'ची पिवळी कॅसेट घ्यायला लावली. तळाशी फुंकर मारून ती बसवली, यादी सुरू केली. दहा-बारा गेमनंतर तेच गेम वेगळ्या नंबराने परत यायला लागले. तेही खपलं असतं, पण त्या दहा-बारांतलेही आम्ही खेळलो रणगाडे आणि मारिओ, एवढेच दोन. बाकी ९,९९७ चे पैसे वडिलांनी कशासाठी दिले हे त्यांनी पुढे बरीच वर्षं विचारलं.

म्हणून भाड्याने आणा. तुमच्या मित्राने कोथरूडमधून दिवसाला ६०० ने सेट आणला होता म्हणता. नऊ दिवसांचे ५,४००, साताऱ्याचे दिवस वगळून घासाघीस केलीत तर आणखी कमी. कोणते गेम आधीच टाकलेत ते विचारून घ्या. रेस आणि फुटबॉल बहुधा असतातच. फुटबॉलचा गेम दर वर्षी नवा निघतो, सुट्टीपुरता मागच्या वर्षीचाही चालतो. मुलीसाठी वेगळं काही घेऊच नका. 'ॲस्ट्रोज प्लेरूम' प्रत्येक प्लेस्टेशन ५ बरोबर फुकट येतो, आणि सात वर्षांच्या मुलांना तो कंट्रोलर हातात थरथरतो याचीच गंमत वाटते. कथेचा गेम हवाच असेल तर 'राजी' बघा. २०२० साली आलेला, नॉडिंग हेड्स गेम्स या आपल्या पुण्यातल्याच स्टुडिओने केलेला. चार-पाच तासांत संपतो, म्हणजे या सुट्टीत तुम्ही निदान एक गेम पुरा केला असं म्हणता येईल.

घरचा लॅपटॉपही आहेच (कंपनीचा नाही, त्यावर काही टाकू नका). डिसेंबरअखेर एपिकच्या ऑनलाइन दुकानात फुकट गेम येतात आणि स्टीम या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात विंटर सेल लागतो. स्टीमवर घेतलेला गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर चौदा दिवसांत पैसे परत मिळतात. तुमच्या साध्या लॅपटॉपवर एखादा गेम अडखळला, तर ही सोय वापरा.

खेळताना फ्रिजवर कागद लावा आणि रोजचे तास लिहा: कोण, काय, किती वेळ. कार्ड फिटल्यावर बोनसचे २५,००० उरतात. भाडं वजा जाता १९-२० हजार. मिनिमम ड्यूचे जे २,००० दर महिन्याला सुटतील, त्याचं बँकेत रिकरिंग डिपॉझिट लावा. पुढच्या दिवाळीपर्यंत चाळीस हजारांच्या आसपास जमतील. सणाच्या सेलमध्ये कन्सोलवर सूट लागते, उरलेले पुढच्या बोनसमधून घाला आणि रोखीने घ्या. मात्र फ्रिजवरच्या कागदावर वीस तास तरी भरलेले असतील तरच. घ्याल तेव्हा डिस्कवालंच घ्या. खेळून झालेली डिस्क विकता येते, डाउनलोड केलेला गेम विकता येत नाही. आणि मुलीच्या खात्याला कार्ड जोडू नका, खर्चाची मर्यादा शून्य ठेवा.

विजेचं विचारलंत. २०० वॉट धरले तर चोवीस तासांत पाच युनिटही होत नाहीत. सोडून द्या.

सेट घेताना दोन्ही कंट्रोलरच्या काड्या फिरवून बघा, दुकानातच चालू करून मोबाईलवर व्हिडिओ काढा, डिपॉझिटची पावती घ्या. पण त्याआधी पत्नीशी बोला. कार्डावर पैसे भरल्याचा मेसेज मोबाईलमध्ये आला की लगेच, त्याच संध्याकाळी, चाळीस हजारांचं त्यांना सांगा. फिटलेलं कर्ज कबूल करणं जरा सोपं जातं.