मधूनच काळी पडणारी स्क्रीन: नवीन पॅनल घ्यायच्या आधी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तीन वर्षांचा लॅपटॉप, स्क्रीन कधी फडफडते, कधी दोन-तीन सेकंद पूर्ण काळी होते आणि आपोआप परत येते, मग दोन-दोन दिवस काहीच नाही. एक दुरुस्तीवाला म्हणाला पॅनल (चित्र दाखवणारा स्क्रीनचा भाग) गेलं, दुसरा म्हणाला मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड). मग तुम्ही स्वतःच विंडोज नव्याने टाकलंत, तीन दिवस झकास चाललं आणि चौथ्या दिवशी परत तेच. मला यातलं हे शेवटचंच जास्त महत्त्वाचं वाटतं, पॅनल-मदरबोर्डचं नंतर बघू.

जो बिघाड एरवीसुद्धा दोन दिवस गप्प बसतो तो तुम्ही काहीतरी केल्यावर तीन दिवस आला नाही, तर त्यात तुमच्या उपायाचा हात होता का नुसता योगायोग, हे कळायला काही मार्गच नाही. मी स्वतःपुरता एक हिशोब ठेवलाय, बिघाड आजवर जास्तीत जास्त जितके दिवस गायब राहिलाय त्याच्या तिप्पट थांबायचं, तोवर "गेला" म्हणायचं नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ड्रायव्हर (ग्राफिक्स चिप चालवणारं सॉफ्टवेअर) पण टाकला, स्क्रीनची केबल पण हलवली, बायोस (विंडोजच्या आधी सुरू होणारं लॅपटॉपचं मूळ सॉफ्टवेअर) पण अपडेट केला असं एकाच संध्याकाळी केलंत की मग बरं झालं तरी कशाने झालं ते कळत नाही.

हे मी शहाणपणाने नाही, हात पोळून सांगतोय. माझ्या जुन्या लॅपटॉपला अगदी हेच होत होतं आणि मी आधी ड्रायव्हर, मग विंडोज, मग वैतागून सरळ नवीन पॅनल असा क्रम लावला. पॅनल बदलल्यावर दोन आठवडे इतकं छान चाललं की मी चार जणांना "पॅनलच असतं बरं का" म्हणून सांगूनही टाकलं. मग परत सुरू. शेवटी नीट उघडून बघितलं तर हिंजपाशी (झाकणाच्या बिजागरीपाशी) डिस्प्ले केबलचं, म्हणजे बोर्डाकडून पॅनलला चित्र नेणाऱ्या केबलचं, आवरण घासून आतली बारीक तार उघडी पडली होती. पॅनल बदलताना ती केबल हलली आणि कनेक्टर काढून परत घट्ट बसला, एवढ्यावर ते दोन आठवडे निघाले होते. जुनं पॅनल ठणठणीत होतं.

तर आता पहिलं काम दुरुस्ती नाही, बिघाड हुकमी आणणं. तो पाहिजे तेव्हा आणता आला की अर्धं काम झालं समजा. ब्राइटनेस पूर्ण ठेवा, साधं राखाडी चित्र फुल स्क्रीन लावा आणि झाकण अगदी हळू, जवळपास बंद स्थितीपासून पूर्ण उघडेपर्यंत न्या आणि परत आणा, पाच-सहा वेळा. ठरावीक कोनातच फडफडतंय का? मग झाकण स्थिर ठेवून वरचे दोन्ही कोपरे हलकेच मागेपुढे करा (हलकेच म्हणतोय, पॅनल म्हणजे काच आहे). मग कडेच्या चौकटीवर बोटाने दाबत फिरा. नुसत्या कोनाने होत असेल तर संशय केबलवर जातो. विशिष्ट जागी दाबल्यावर एखादी उभी रेघ येते-जाते असं असेल तर बहुतेक पॅनलचीच कड, ती घरी दुरुस्त होत नाही. तुम्ही ओझरतं लिहिलंय की टेबलावरून मांडीवर घेताना एकदा काळी झाली होती, मला तर तोच धागा वाटतोय.

हीच झाकणाची कसरत बायोसच्या सेटिंग्जमध्ये जाऊन परत करा. तिथे विंडोज सुरूच झालेलं नसतं, त्याचा ड्रायव्हरही नसतो, त्यामुळे तिथे जर फडफडलं तर विंडोज, अपडेट, सेटिंग सगळं डोक्यातून काढून टाका. उलट मात्र खरं नाही हां, बायोसमध्ये दहा मिनिटं काही झालं नाही याचा अर्थ ड्रायव्हरच दोषी असा होत नाही, वर म्हटलं तोच हिशोब. लॅपटॉप डेलचा असेल तर डी बटण दाबून ठेवून चालू करा, पॅनलची स्वतःची चाचणी चालू होते आणि एकेक रंग पूर्ण स्क्रीनभर येतो, फार उपयोगी आहे.

मग एचडीएमआयने बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही लावा आणि दोन्हीकडे एकच चित्र ठेवा. लॅपटॉपची स्क्रीन काळी होताना बाहेरचं चित्र तसंच राहिलं तर पॅनल, केबल नाहीतर केबलचा बोर्डावरचा कनेक्टर. दोन्ही एकदम गेलं तर ग्राफिक्स चिप, ड्रायव्हर, कधीकधी रॅम. एक गोची सांगतो, दोन ग्राफिक्स चिप असलेल्या काही लॅपटॉपमध्ये एचडीएमआय एका चिपला आणि आतली स्क्रीन दुसरीला जोडलेली असते, तेव्हा ही चाचणी पाहिजे तितकी पक्की राहत नाही. रेघा किंवा ठिपके टिकून राहत असतील तर स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाईलवर पाठवून बघा. स्क्रीनशॉटमध्येही रेघा दिसल्या तर चित्र आतच बिघडतंय, नाही दिसल्या तर बिघाड बहुधा चित्र बाहेर पडल्यानंतरच्या वाटेवर आहे. फुकटातली चाचणी आहे आणि कोणी करत नाही.

काळी होते तेव्हा नक्की काय जातं हेही बघा. टॉर्च तिरका धरला आणि आयकॉन पुसट दिसले तर चित्र आहे, फक्त बॅकलाईट (चित्रामागचा दिवा) जातोय. दोन-तीन सेकंदात टॉर्च शोधणं काही जमायचं नाही, म्हणून आधीच हातात धरून झाकण हलवा. मोबाईलवर व्हिडिओही काढून ठेवा, वॉरंटीत दाखवायला गेलं की नेमकं काही होत नाही आणि "प्रॉब्लेम आढळला नाही" म्हणून लॅपटॉप परत येतो. फक्त ब्राइटनेस कमी असताना कॅमेऱ्यात सरकणारे पट्टे दिसले तर घाबरू नका, बऱ्याच स्क्रीनचा बॅकलाईट मुळातच भराभर चालू-बंद होऊन उजेड कमी करतो, तो डोळ्यांना दिसत नाही पण कॅमेरा पकडतो.

सॉफ्टवेअरची बाजू थोडक्यात. टास्क मॅनेजर उघडून ठेवा, बाकी स्क्रीनबरोबर तोही फडफडला तर ड्रायव्हरवर संशय, तो एकटाच स्थिर राहिला तर एखादं अ‍ॅप. काळी झाल्यावर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) त्याच वेळेची 4101 क्रमांकाची नोंद असेल तर ड्रायव्हर अडकून परत उठलाय. आणि फक्त बॅटरीवर असताना, काहीतरी शांतपणे वाचताना होतंय आणि माऊस हलवला की जातंय असं असेल तर पॅनल सेल्फ रिफ्रेश बंद करून बघा. चित्र बदलत नसेल तेव्हा पॅनल स्वतःच्या मेमरीतून तेच दाखवत राहतं आणि ग्राफिक्सकडून येणारी वाट झोपते, ती उठताना कधीकधी गडबड होते. इंटेलच्या ग्राफिक्स अ‍ॅपमध्ये पॉवरच्या भागात ते सेटिंग असतं.

एक गंमत राहिली. ओळखीतल्या एका बाईंची स्क्रीन टाईप करताना मधेच बंद व्हायची, घरी नाही, फक्त ऑफिसात. ऑफिसला जाताना त्या घड्याळ घालायच्या आणि त्याच्या पट्ट्यात चुंबक होतं. झाकण बंद झालंय हे लॅपटॉपला सहसा चुंबकावरूनच कळतं, सेन्सर हात ठेवतो त्या भागात असतो, त्यामुळे घड्याळ तिथे आलं की त्याला वाटायचं झाकण मिटलं. लॅपटॉपवर लॅपटॉप ठेवला तरी हे होऊ शकतं.

केबलवर मी इतका का अडून बसलोय तर चित्राच्या वाटेवर झाकण उघडता-मिटताना वाकणारी तीच एक वस्तू आहे. 2016 च्या 13 इंची मॅकबुक प्रोमध्येसुद्धा पातळ केबल घासून बॅकलाईट जायचा, आधी खालच्या कडेला रंगमंचावरच्या दिव्यांसारखे उजेडाचे झोत दिसायचे आणि मग झाकण जास्त उघडलं की अंधार. 2019 मध्ये अ‍ॅपलने त्यासाठी मोफत दुरुस्ती जाहीर केली. आयफिक्सिट या उपकरणं उघडून तपासणाऱ्या साईटने मोजलं तेव्हा 2018 च्या मॉडेलमधली केबल 2016 च्या केबलपेक्षा फक्त 2 मिलिमीटरने जास्त लांब निघाली.

उघडणार असाल तर चार्जर काढा, आतून बॅटरीचा कनेक्टर काढा, पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून ठेवा, मगच डिस्प्ले केबलला हात लावा. हे काटेकोर करा कारण त्या कनेक्टरमध्ये डेटाच्या पिनांशेजारूनच बॅकलाईटचा व्होल्टेज जातो, चालू असताना वाकडी काढली-घातली की फ्यूज उडतो आणि मग दुसरा दुरुस्तीवाला खरा ठरतो. टेप आधी सोडवा, तारांना धरून ओढू नका. बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा, तिला खुपसू-दाबू नका, आधी ती बदलून घ्या, स्क्रीनचं नंतर. हिंजचे स्क्रू ढिले किंवा त्यांच्या खालचं प्लास्टिक तुटलेलं असेल तर नवीन केबलही काही महिन्यांत घासेल, म्हणून तेही बघा.

आणि एवढं करून पॅनलच निघालं तर मॉडेल नंबर लॅपटॉपचा नाही, पॅनलच्या मागच्या स्टिकरवरचा द्या. 30 पिनांचं आणि 40 पिनांचं वेगळं असतं, टच किंवा जास्त रिफ्रेश रेटवालं असेल तर बहुतेक 40, एकाच्या जागी दुसरं बसत नाही.

आज फक्त झाकणाची चाचणी करा, विंडोजमध्ये आणि बायोसमध्ये. कुठल्या कोनात होतंय, टॉर्चने चित्र दिसतं का आणि बाहेरच्या मॉनिटरवर काय होतं, एवढं लिहा. उघडलंत तर हिंजपाशी केबल वळते तिथला जवळून फोटो टाका.