प्रौढपणी एडीएचडी (लक्ष टिकवणं, कामं मार्गी लावणं अवघड करणारी मेंदूची स्थिती) आणि नैराश्य दोन्हींचं निदान झाल्यावर रोजचं कसं निभावता?

मला ३६व्या वर्षी कळलं. आधी तीन वर्षं फक्त नैराश्याच्या गोळ्या चालू होत्या. रडू थांबलं, पण लाइटबिल भरायचं राहायचं ते राहायचंच. मग डॉक्टरांनी शाळेची प्रगतिपुस्तकं मागवली, कारण एडीएचडीची लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून दिसलेली असावी लागतात. चौथीतला शेरा: ‘हुशार, पण धांदरट.’ आई तेवढं वाचून गप्प बसली. (तोवर मी ‘आळशी’ होतो!)

आता मी फरक ओळखायला शिकलोय. काम करायचंय पण हातच हलत नाही, तो एडीएचडी. कशातच राम वाटत नाही, ते नैराश्य. पहिल्यासाठी मित्राला फोन लावून ठेवतो, तो त्याचं काम करतो, मी भांडी घासतो. दुसऱ्यासाठी हे चालत नाही, तेव्हा सरळ डॉक्टरांची वेळ घेतो.

एडीएचडीवरचं माझं औषध, मिथाइलफेनिडेट, चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आमच्याकडे तर दोनच दुकानांत असतं, म्हणून आठवडाभर आधीच फेरी मारतो. त्याने भूक मरते, त्यामुळे पोहे आधी, गोळी नंतर.

जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर वाट पाहू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर रात्रीही चालू असतो.