शाळा पत्त्यावर मिळते तेव्हा

प्रश्न : बाई, मुलगा अमेरिकेत घर शोधतोय. फोनवर रोज एकच, “बाबा, या घराला शाळा चांगली लागत नाही.” जिथं शाळा ‘चांगली’, तिथं वर्गात काळं मूल दिसत नाही म्हणे. ही पद्धत कोर्टानं १९५४ मध्येच मोडली ना?
– एक आजोबा, जुळे सोलापूर

उत्तर : मोडली, आजोबा. टोपेका शहरातल्या शाळांच्या खटल्यात १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं, की गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनेत बसत नाहीत. (तिकडं ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे फुकटची सरकारी शाळा. आपल्याकडच्या पाट्या बघून घोटाळा करू नका.) पण तिथं मुलाला शाळा मिळते ती बहुतेक घराच्या पत्त्यावर, आणि शाळेचा बराच पैसा त्याच भागाच्या घरपट्टीतून येतो. काळ्यांना कित्येक वर्षं चांगल्या वस्तीत घर नाही, कर्ज नाही. मग शाळेला वेगळी पाटी लावायची गरजच काय?

डेट्रॉइटचं बघा. गोरी कुटुंबं उपनगरांत गेली, शहराच्या शाळांत काळी मुलं उरली. खालच्या कोर्टानं ५३ उपनगरी शाळा-विभाग शहराशी जोडून बसनं पोरं एकत्र आणायचं ठरवलं. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी ते अडवलं : उपनगरांचा दोष सिद्ध नाही, तर त्यांना ओढायचं नाही. १९५४ चा खटला काळ्या मुलांच्या बाजूनं लढवलेले वकील थर्गुड मार्शल तोवर त्याच न्यायासनावर होते. विरोधातल्या चौघांत तेही.

मला यात परकं काही वाटत नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाळेत मी एकोणतीस वर्षं पहिली शिकवली. पोरं घरी तेलुगू बोलायची, आया विड्या वळायच्या. ‘पलक’ म्हणजे पाटी, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. तुमच्या जुळे सोलापूरचं एक मूल कधी आलं नाही, आणि कुणी मनाई केली होती असंही नाही. शिक्षणहक्क कायद्यानं खासगी शाळांत गरीब-वंचित मुलांसाठी २५ टक्के जागा राखल्या. जवळ सरकारी शाळा असेल तर खासगीला त्यातून सूट, असा नियम २०२४ मध्ये राज्यानं काढला. उच्च न्यायालयानं तो त्याच वर्षी रद्द केला म्हणून बरं.

मुलाला सांगा, शाळेचे नुसते गुण बघू नकोस. परीक्षेचे आकडे पुष्कळदा आईबापाची कमाई सांगतात. एकदा जाऊन वर्ग बघ, बाईंशी बोल.

याहून जास्त सांगायचा मला अधिकार नाही. माझी मुलगी रोज रिक्षानं सात रस्त्याकडच्या शाळेत जायची. माझी शाळा घरापासून चालत सात मिनिटांवर होती.