लॅबमध्ये बसून प्राणी मोजता येतात?

प्रश्न : मुलगी बारावीत आहे. तिला वन्यजीव संशोधन करायचंय, पण तिनं जंगलात भटकणं आम्हाला मान्य नाही. ई-डीएनए तंत्रात लॅबमध्ये बसून प्राणी मोजता येतात असं वाचलं. आम्ही तेच ठरवलं आहे. कोर्स सुचवा.
– एक पालक

उत्तर : कोर्सचं नंतर बघू. ‘आम्ही तेच ठरवलं आहे’ यात मुलगी कुठे आहे? तिला प्राण्यांचं वेड, तुम्हाला जंगलाची धास्ती. त्यातून तुम्ही परस्पर मधला रस्ता काढलात. धास्ती मी समजू शकते. त्या धास्तीला विज्ञानाचा आडोसा मात्र देऊ नका. तो टिकणार नाही.

प्राण्याची त्वचा, विष्ठा, लाळ यांतून पाण्यात किंवा मातीत सुटलेला डीएनए म्हणजे ई-डीएनए. प्राणी पकडावा लागत नाही, हे खरं. नमुना मात्र कुणीतरी जाऊनच आणतं. दर ठिकाणी नवे हातमोजे घालायचे आणि लिटर-दोन लिटर पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून ओढायचं. पाणी गढूळ असेल तर पाव लिटरलाच फिल्टर तुंबतो. फिल्टर लगेच अल्कोहोलमध्ये किंवा बफरमध्ये (डीएनए टिकवणाऱ्या द्रावणात) टाकायचा, नाहीतर ऊन, उष्णता आणि जिवाणू डीएनएची वाट लावतात. शिवाय शुद्ध पाण्याचा एक नमुना तिथेच गाळायचा. त्यात बेडकाचा डीएनए निघाला, तर तो तळ्यातला नव्हे, तुमच्या हातांनी किंवा उपकरणांनी आणलेला. मग त्या खेपेचे सगळेच नमुने संशयात.

‘मोजता येतात’ हेही घाईचं. २००८ मध्ये फ्रान्समधल्या तळ्यांत नुसत्या पाण्यावरून अमेरिकन बुलफ्रॉग ओळखला गेला, तो ‘आहे की नाही’ एवढ्यापुरता. नेमके किती, नर की मादी, मुळात जिवंत आहे का, हे असा नमुना सांगत नाही. नदीत तर डीएनए कित्येक किलोमीटर वाहत येतो. उलट, काहीच सापडलं नाही म्हणून प्राणी नाही असंही नाही. कुजक्या पानांतली ह्युमिक आम्लं पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याची प्रक्रिया, अडवतात. मग नमुन्यातून काढलेला डीएनएचा अर्क दहापट पातळ करून पीसीआर पुन्हा लावायचा.

मार्ग नेहमीचाच : जीवशास्त्राची पदवी, पुढे मॉलिक्युलर बायोलॉजी किंवा इकॉलॉजी. जोडीला संख्याशास्त्र आणि प्रोग्रामिंग हवंच, कारण सिक्वेन्सिंगनंतरचं (डीएनएचा क्रम वाचून झाल्यानंतरचं) बरंचसं काम संगणकावर चालतं.

फील्डवर्कची भीती वाटते, तर नेमके प्रश्न विचारा : सोबत कोण, मुक्काम कुठे, संपर्क कसा. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. न वाचता पाठवा.