खांबाचे कोटेशन भरावे, की तारांशिवायच्या विजेची वाट पाहावी?

आपण विचारले आहे की मोहोळ तालुक्यातील नव्या विहिरीवर ५ एचपीचा पंप बसवायचा आहे, डीपी ६०० मीटर लांब आहे आणि खांब-तारांचा खर्च जड वाटतो. त्यातच ‘थोड्याच वर्षांत वीज हवेतून शेतात येणार’ असे सांगणारा व्हिडिओ आपण पाहिला, आणि तसल्या यंत्राची एजन्सी देतो म्हणून सोलापुरातील एक जण अनामत मागतो आहे. माझे उत्तर असे की कोटेशन, म्हणजे वीजजोडणीसाठी मागितलेला खांब-तारांचा खर्च, भरण्यास उशीर करू नये आणि अनामत तर मुळीच देऊ नये. तरीही तारांशिवाय वीज ही थाप आहे असे मी म्हणणार नाही. ती रोजच्या वापरात आहे, आणि ती कुठे चालते व कुठे चालत नाही याचा हिशेब कोणालाही करता येतो.

हिशेबाचे सूत्र एकच आहे. अंतर किती, यापेक्षा ते अंतर कॉइलच्या (तारेच्या वेटोळ्याच्या) किंवा अँटेनाच्या आकाराच्या मानाने किती, हे पाहावे. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेले तत्त्व आपल्या डीपीतही काम करते; तेथील ट्रान्सफॉर्मरच्या दोन वाइंडिंगमध्ये तारेची जोडणी नसते, वीज चुंबकीय क्षेत्रातूनच पलीकडे जाते. पण तेथे मध्ये लोखंडी गाभा असतो. तो काढून कॉइल हवेत एकमेकींपासून दूर नेल्या की त्यांचा संबंध झपाट्याने तुटतो. मोबाइलच्या पॅडवर हे अंतर काही मिलिमीटर असते. विद्युत मोटारींसाठी २०२० मध्ये ठरलेल्या मानकानुसार ८५ किलोहर्ट्झवर ११ किलोवॅटपर्यंत वीज वीतभर अंतरावरून गाडीत जाते, आणि सुमारे ९० टक्के कार्यक्षमता मिळते. आता अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्यापीठाचा २००७ मधील तो गाजलेला प्रयोग पाहा, ज्याचे चित्र आपल्या व्हिडिओतही असावे. तेथे ६० वॅटचा दिवा २ मीटरवरून पेटला, परंतु सुमारे ६० सेंटिमीटर व्यासाच्या, एकाच कंपनसंख्येला (फ्रिक्वेन्सीला) जुळवलेल्या कॉइल वापरूनही एका कॉइलपासून दुसरीपर्यंत सुमारे ४० टक्केच ऊर्जा पोहोचली. व्यासाच्या तिपटीहून थोड्या अधिक अंतरालाच ही स्थिती होते. ६०० मीटरचा विचार या मार्गाने करताच येत नाही.

लांबच्या अंतरासाठी मायक्रोवेव्हचा झोत वापरतात. अमेरिकी अभियंते विल्यम ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथे दीड किलोमीटरवर ३० किलोवॅटहून अधिक वीज मिळवून दाखवली, आणि या क्षेत्रातील तो आजही मानाचा प्रयोग आहे. त्यासाठी पाठवणारी डिश २६ मीटर व्यासाची होती. शिवाय या प्रयोगाबद्दल सांगितला जाणारा ८० टक्क्यांहून अधिकचा आकडा लहरी पकडून त्यांची पुन्हा वीज करणाऱ्या पटलाचा, आणि तोही फक्त त्या पटलावर पडलेल्या लहरींच्या मानाने आहे. पटलाबाहेर गेलेला झोत आणि लहरी तयार करताना झालेले नुकसान त्यात धरलेले नाही. जाहिरातींत नेमका हाच आकडा उचलला जातो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आता हे आपल्या विहिरीवर लावून पाहू. बॅटरीचा उजेड लांब जाताना पसरतो, तसा प्रत्येक झोत पसरतो, आणि लहरीची लांबी जितकी अधिक तितका तो अधिक पसरतो. ५.८ गिगाहर्ट्झला ही लांबी सुमारे ५ सेंटिमीटर असते. ६०० मीटरवर झोताचा ९० टक्के भाग पकडायचा तर दोन्ही टोकांना सुमारे ४७ चौरस मीटरचा, म्हणजे जवळजवळ ८ मीटर व्यासाचा अँटेना हवा. विजेच्या लहरी करताना, त्या पोहोचवताना आणि पुन्हा वीज करताना होणारे नुकसान एकत्र धरले, तर एकूण ४० टक्के पदरात पडणे हेही चांगल्या उपकरणांचेच काम. पंपाला ५ किलोवॅट लागत असतील तर डीपीजवळ साडेबारा किलोवॅट ओतावे लागतील.

त्याहून गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा आहे. विहिरीकडच्या, लहरी पकडणाऱ्या अँटेनावर दर चौरस मीटरला सरासरी १३० वॅट पडतील, तर सर्वसामान्य माणसांसाठी या कंपनसंख्येला आंतरराष्ट्रीय मर्यादा १० वॅट आहे. म्हणजे झोताच्या वाटेत माणूस, जनावर किंवा कडब्याची गाडी येणार नाही अशी व्यवस्था शेताच्या मधोमध ठेवावी लागेल, नाहीतर अँटेनाचे क्षेत्रफळ सुमारे तेरापट करावे लागेल. एवढ्या शक्तीच्या प्रक्षेपणाला दूरसंचार विभागाची परवानगीही लागते. परवान्याशिवाय चालणारी उपकरणे काही वॅटांचीच असतात.

आणि ज्या तारेशी ही स्पर्धा आहे, ती तार मुळातच फार चांगली आहे. १६ चौरस मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम तारेतून ५ एचपीच्या थ्री-फेज पंपाचा साडेसात अँपिअर करंट ६०० मीटर नेला, तर सुमारे २०० वॅट वाया जातात, म्हणजे ४ टक्क्यांच्या आसपास. व्होल्टेज दहापट वाढवले की तेवढ्याच शक्तीला करंट दहावा भाग लागतो आणि त्याच तारेतील नुकसान शंभराव्या भागावर येते. याच कारणाने रायचूर-सोलापूर वाहिनी ७६५ केव्हीची बांधली गेली, आणि ३१ डिसेंबर २०१३ रोजी ती सुरू झाल्यावर दक्षिणेचे ग्रिड उर्वरित देशाच्या ग्रिडशी एका कंपनसंख्येत जोडले गेले. आपल्या जिल्ह्याच्या जमिनीवरून जाणाऱ्या या तारा पाहिल्यावर, तारा ही जुनाट वस्तू आहे असे मला कधीच वाटले नाही.

मग या तंत्राला भवितव्य कुठे आहे? जिथे तार नेताच येत नाही तिथे. २०२५ मध्ये अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण-संशोधन संस्थेने लेसरने ८.६ किलोमीटरवर ८०० वॅटहून अधिक शक्ती अर्धा मिनिट पोहोचवली. उडत्या ड्रोनसाठी किंवा आपत्तीत तुटलेल्या भागासाठी एवढेही मोलाचे आहे, मात्र दाट धूळ आणि ढग लेसरला अडवतात. अंतराळातून सौरऊर्जा खाली पाठवण्याची अभियंते पीटर ग्लेझर यांची १९६८ ची कल्पनाही शास्त्रदृष्ट्या खरी आहे. फक्त ३६,००० किलोमीटरवरून येणारा झोत पकडायला जमिनीवर कित्येक किलोमीटर रुंद पटल लागते.

मला स्वतःला अधिक आशा वाटते ती जवळच्या अंतराची, आणि सोलापूरला ती विशेष उपयोगी पडू शकते. यंत्रमागाच्या कारखान्यात कापसाची तूस सतत उडत असते, आणि फिरत्या किंवा सरकत्या भागाला वीज देणारे घासते संपर्क ठिणगी टाकतात. टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत आग किती लवकर पसरते हे येथे कोणाला सांगायला नको. बंदिस्त कॉइलमधून काही मिलिमीटरवर वीज दिली तर ठिणगीचे ते ठिकाणच नाहीसे होते. कारखान्यांतील स्वयंचलित गाड्यांना अशी वीज देण्याची पद्धत आजही रुळलेली आहे. यात दोन कॉइलच्या मध्ये धातूचा तुकडा आला तर तो तापतो, म्हणून असा तुकडा ओळखून पुरवठा बंद करणारी सोय आहे का, हे आधी तपासावे.

आपल्यापुरते सांगायचे तर कोटेशन भरतानाच उच्चदाब वाहिनी विहिरीजवळ आणून स्वतंत्र छोटा ट्रान्सफॉर्मर मिळतो का, हे विचारावे. लघुदाबाच्या लांब तारेवर मोटर सुरू होताना व्होल्टेज पडते, तो त्रास त्याने टळेल. दुसरा पर्याय सौर पंपाचा आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांचा ५ टक्के आहे. वर काढलेल्या ४७ चौरस मीटरच्या जवळजवळ निम्म्या जागेत ५ किलोवॅटची पॅनेल बसतात आणि पाठवणारे टोक लागतच नाही. रात्री पाणी द्यायचे असेल तर मात्र तारेची जोडणीच हवी.

एजन्सी देणाऱ्याला चार गोष्टी लेखी मागाव्यात: आत जाणारे वॅट, बाहेर मिळणारे वॅट, मधले अंतर आणि कॉइलचा किंवा अँटेनाचा व्यास. प्रात्यक्षिक दाखवले तर दोन्ही टोकांना आपल्या ओळखीच्या वायरमनकडून मीटर लावून घ्यावा, आणि घेणाऱ्या टोकाला लपवलेली बॅटरी नाही ना, हेही उघडून पाहावे. हे आकडे हाती आले तर येथे लिहा, मी हिशेब करून सांगेन.